स्मार्ट थर्मोस्टॅट घेण्याआधी पश्चिमेची भिंत बघा

गेल्या दिवाळीत पिंप्राळ्याच्या एका साइटवर गिऱ्हाइकाचा मुलगा अमेरिकेहून आला होता. बॅगेतून त्यानं एक गोल, काचेचं, फार सुंदर यंत्र काढलं, स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून एसी-हीटरला हुकूम देणारा डबा, आणि म्हणाला, "काका, हे हॉलच्या भिंतीत बसवा. घर आपोआप थंड राहील." मी मागची प्लेट काढून बघितली. आत बारीक टर्मिनलं, प्रत्येकाशेजारी एकेक अक्षर: आर, सी, वाय, जी, डब्ल्यू. यंत्र अस्सल होतं, त्यात खोट काहीच नव्हती. पण त्या घरात त्याला जोडायला एकही तार नव्हती आणि पुढेही असणार नव्हती. आईवडिलांसाठी एवढ्या लांबून आणलेली वस्तू परत बॅगेत ठेवताना त्या पोराचा चेहरा बघवेना. नवं घर बांधणाऱ्या आणखी कुणाचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. जळगाव-भुसावळ भागात बावीस वर्षं घरांचं वायरिंग आणि एसी फिटिंग करतोय. जे सांगतो ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी हे समजून घ्या की तो डबा तिकडे कशासाठी असतो. अमेरिका-कॅनडात पुष्कळ घरांत सगळ्या खोल्यांना मिळून एकच भट्टी आणि एकच कूलिंग युनिट असतं, हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या बारीक तारांवर त्या युनिटला हुकूम देतो. आर म्हणजे पुरवठा, सी म्हणजे परतीची तार, वाय कॉम्प्रेसरला, जी पंख्याला, डब्ल्यू हीटिंगला. २०११ मध्ये नेस्ट नावाचा थर्मोस्टॅट बाजारात आला आणि याच तारांवर बसणाऱ्या यंत्रात वाय-फायसोबत सवयी ओळखणारी बुद्धी आली. आपल्याकडे भिंतीत २३० व्होल्ट आणि थंडाव्याला प्रत्येक खोलीचा वेगळा स्प्लिट एसी. त्याचा थर्मोस्टॅट इनडोअर युनिटच्या पोटातच असतो. बाहेरून त्याच्याशी बोलायच्या वाटा दोनच: रिमोटचा इन्फ्रारेड किरण, किंवा एसीत आधीच असलेलं वाय-फाय. मोठ्या बंगल्यात डक्टचं काम असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथंही एसी कंपनीचाच भिंतीवरचा कंट्रोलर बसतो. बाहेरून दुसरा आणायच्या आधी कंपनीच्या माणसाला विचारा.

म्हणून नव्या घरासाठी "स्मार्ट थर्मोस्टॅट" मागायला जाल तेव्हा तुमच्या हातात खरं तर दोनच वस्तू येणार आहेत: वाय-फायचा एसी, नाहीतर साध्या एसीला बाहेरून सांगणारा इन्फ्रारेड कंट्रोलर. एसी नवाच घेणार असाल तर वाय-फायचा घ्या, विषय तिथेच संपला. त्यात हुकूम गेला की नाही हे एसी स्वतः कळवतो. जुन्या घरातला चांगला एसी सोबत आणणार असाल, तर कंट्रोलर घ्या. पण नुसता स्वस्त इन्फ्रारेड डबा घेऊ नका, तापमानाचा आणि दमटपणाचा सेन्सर असलेलाच घ्या. सेन्सर नसेल तर तो फक्त लांबून दाबलेला रिमोट, थर्मोस्टॅट नव्हे.

कंट्रोलर निवडताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. पहिली, ॲपच्या यादीत तुमच्या एसीचा रिमोट तयार आहे का. "नाही तर शिकवून घेऊ" असं दुकानदार म्हणेल, ते टीव्हीला ठीक आहे. एसीचा रिमोट वेगळा चालतो: तुम्ही एक बटण दाबलं तरी तो दरवेळी तापमान, मोड, पंख्याची गती असा सगळा संच एकदम पाठवतो. त्यामुळे शिकवलेलं प्रत्येक बटण म्हणजे एकच गोठलेली स्थिती. २६ वर पंखा हळू, २६ वर पंखा जोरात, दोन्ही वेगळे शिकवावे लागतात. दुसरी, घरातल्या कुणी नेहमीचा रिमोट वापरला तर कंट्रोलरला ते समजतं का. न समजणारा डबा मोबाइलवर "बंद" दाखवत राहतो आणि एसी आत चालू असतो.

इन्व्हर्टर एसीबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. काही ॲपमध्ये "२७ झाल्यावर चालू, २४ झाल्यावर बंद" असा नियम लावता येतो. इन्व्हर्टर एसीला असं चालू-बंद करू नका. त्याचा कॉम्प्रेसर खोली गार झाल्यावर आपणहून मंद होतो, बचत तिथेच होते. नियम लावायचा तो "किती वाजता किती डिग्री" असा. आणि स्मार्ट प्लग, म्हणजे मोबाइलवरून चालू-बंद होणारा प्लग, लावून एसीचा करंट मधेच तोडण्याचा विचार तर मनात आणूच नका. प्लग गीझरला लावा, तोही १६ अँपिअरचा.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला बसलो ती सांगतो.

माझी आक्का भुसावळला असते. भाऊजी रेल्वेतून निवृत्त झाले, त्या पैशातून घर बांधलं. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, दुपारभर पलंगावर. त्यांच्या खोलीतला कंट्रोलर मीच बसवला, एसीच्या खाली शेल्फवर, कारण सॉकेट तिथं होतं. मे महिन्यात दुपारी आक्काचा फोन आला, "भाऊ, मोबाइल चोवीस दाखवतोय अन् आईंचा पदर घामानं भिजलाय. त्या म्हणताय, पंखा ते गरम हवा फेकतोय." साडेतीनला पोचलो. पिशवीत साधा थर्मामीटर आणि भिंतीचं तापमान मोजायची गन होती. शेल्फवर २४. पलंगाच्या उशाशी २९. पलंग ज्या पश्चिमेच्या भिंतीला टेकला होता तिच्यावर गन धरली, ४१. तळहात ठेवला तर तव्यासारखा लागला. वर स्लॅब त्याहून तापलेला. कंट्रोलर एसीचाच गार श्वास मोजत होता आणि खोली गार झाली असं समजून एसीला मंद करत होता. चूक माझी होती आणि ती म्हातारी माणूस अंगावर सोसत होती.

थर्मोस्टॅट हवा मोजतो. माणसाला मात्र हवेइतकीच भिंत आणि छत जाणवतं. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेची भिंत आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि संध्याकाळी, रात्री आत सोडतात. एसीनं हवा गार केली तरी अंगाला तो ताप लागतच राहतो. त्या दिवशी मी कंट्रोलर आतल्या पार्टिशनच्या भिंतीवर नेला, वायर पट्टीतून फिरवली, पलंग पूर्वेला सरकवला आणि सेटिंग २५ केलं. सहा वाजता सासूबाई झोपल्या होत्या. आक्कानं चहा ठेवला तोही कपबशी न वाजवता.

तेव्हापासून सेन्सरची जागा मी खडूनं आखून देतो. आतली भिंत, जमिनीपासून साधारण पाच फूट. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर पलंगाच्या उंचीला. एसीच्या झोताखाली नाही, टीव्ही-फ्रीजजवळ नाही, खिडकीतून ऊन येतं तिथं नाही, दाराआड नाही. आणि बसवलेल्या जागेवरून एसीचा पुढचा भाग दिसला पाहिजे, इन्फ्रारेड किरण भिंतीतून जात नाही. खोली लांब असेल तर वेगळा छोटा बॅटरीचा सेन्सर मिळणारा कंट्रोलर बघा: डबा एसीसमोर, सेन्सर माणसाजवळ.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. तुमच्या एसीच्या रिमोटवर "आय फील" किंवा "फॉलो मी" असं बटण आहे का? असेल तर रिमोटच्या आतच सेन्सर आहे. ते दाबून रिमोट उशाशी, एसीकडे तोंड करून ठेवला की एसी तिथलं तापमान धरून चालतो. कितीतरी घरांत मी एवढंच करून दिलंय आणि कंट्रोलर घेऊ नका म्हणून सांगितलंय.

नवं घर असल्यामुळे तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी राहत्या घरवाल्याला मिळत नाही: गिलावा अजून झालेला नाही. भिंतीत वायरसाठी झिरी मारायच्या आधी मिस्त्री आणि वायरमनला एकत्र उभं करा. प्रत्येक एसीला डीबीतून, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतून, वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच. सेन्सरच्या खुणेपर्यंत पाइप, तिथं छोटा खोल बॉक्स आणि त्यात फेज-न्यूट्रल. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, टाकून घ्या. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात वायरमन तो टाकत नाहीत आणि बहुतेक स्मार्ट स्विच न्यूट्रलशिवाय चालत नाहीत. एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेनच्या पाइपला उतार आहे ना, हे पाणी ओतून बघा. अर्थिंगचा खड्डा आत्ताच, नंतर कुणी करत नाही. सगळं झालं की मीटर टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. दोन वर्षांनी खिळा ठोकताना त्याच फोटोची आठवण येईल.

आणि स्लॅब. आपले आजोबा धाब्याच्या घरात राहिले. जाड मातीच्या भिंती, वर मातीचा थर, दर पावसाळ्याआधी खारी माती टाकून ठोकलेला. उन्हाचा ताप आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आज पाच इंची स्लॅबवर तेवढं संरक्षण नाही. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप, चायना मोझॅक (पांढऱ्या फुटक्या टाइलांचा थर), निदान दर मार्चमध्ये चुना, यातलं काहीतरी करा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा बांबूची चटई. हे केलेलं नसेल तर कितीही हुशार यंत्र घ्या, ते रात्रभर स्लॅबशीच झुंजत बसेल.

वाय-फायबद्दल थोडक्यात. असे बहुतेक डबे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ वर नाही. राउटर जिन्याखाली लपवू नका. त्याला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाइट गेली की सगळं घर मुकं. दुकानात हेही विचारा की इंटरनेट बंद असताना ठरवलेलं वेळापत्रक चालतं का. काही यंत्रांत ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं, नेट गेलं की गेलं. एसीत ऑटो रीस्टार्ट हवं, म्हणजे लाइट आल्यावर तो जुन्या सेटिंगवर परततो.

सेटिंग काय ठेवायचं? १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीला सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं बंधनकारक आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबानं एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. मी घरी छताचा पंखा हळू ठेवून २६ लावतो. रात्री एकनंतर २७, पहाटे पाचला बंद. वीजबिलात घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढतात, त्यामुळे मे महिन्यात ३०० च्या आत राहिलात की फरक ठळक दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान कमी करू नका, ड्राय मोड लावा. तेव्हा त्रास उकाड्यापेक्षा दमटपणाचा असतो आणि दमटपणाचा सेन्सर खरा उपयोगी तेव्हाच पडतो.

कूलर टाकून देऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की कूलर फार थोड्या विजेत खोली गार करतो. फक्त त्याला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद, म्हणून दोघांना एका वेळापत्रकात बांधू नका. कूलरला स्मार्ट प्लग लावणार असाल तर टाकीला फ्लोट वाल्व, म्हणजे पाणी उतरलं की आपोआप भरणारा नळ, आधी. पाणी संपलेल्या टाकीत लांबून चालू केलेला पंप जळतो.

शेवटचं काम घर ताब्यात घेण्याच्या दिवशीचं. ॲपचं खातं घरात राहणाऱ्या माणसाच्या नंबरवर काढा. सुरुवातीच्या काळात वेळ वाचवायला मी दोन-तीन घरांची खाती माझ्या मोबाइलवर काढली होती. एका घरी राउटर बदलला, ओटीपी माझ्याकडे आला आणि मी नेमका चाळीसगावच्या साइटवर, रेंज नसलेल्या तळघरात. ते कुटुंब अर्धा दिवस थांबून राहिलं. आता मी वायरमन म्हणून पासवर्ड मागतही नाही, त्यांच्यासमोर त्यांच्याच हातून टाकून घेतो. एसीचा साधा रिमोट मात्र पलंगाशेजारी दोरीनं बांधून देतो, त्यावर चालू करायचं बटण कोणतं ते लाल टिकलीनं दाखवून. आक्काच्या सासूबाई तीच टिकली बघून दाबतात.