चाळीस हजारांची पहिली मोहीम: छंदाच्या कामासाठी क्राउडफंडिंग कसं करावं

उदाहरणादाखल एक पुस्तिका धरू. सोलापुरातल्या जुन्या गिरण्या, चाटी गल्लीतली दुकानं, सिद्धेश्वर तलावाचा काठ अशी २४ रेखाचित्रं, पानं ४८, आकार ए-५, सोबत ६ पोस्टकार्डांचा संच. चित्रं तयार आहेत, छापायला पदरचे तीस हजार नाहीत. अशा कामाला क्राउडफंडिंग, म्हणजे पुष्कळ लोकांकडून थोडेथोडे पैसे जमवणं, चांगलं लागू पडतं, पण ते वर्गणीसारखं मागून होत नाही. ही आगाऊ नोंदणी असते. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं निम्मं काम आधीच कळलेलं आहे. इथे भर एवढीच की किमान आकडा जाहीर करायचा आणि तो गाठला नाही तर सगळ्यांचे पैसे परत करायचे.

हा फरक कायद्यातही आहे. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी काढतात, कारण ते धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठीचं संकलन असतं. तुम्ही वस्तू विकताय. म्हणून मोहिमेच्या पानावर ‘देणगी’, ‘दान’, ‘मदतनिधी’ हे शब्द नकोत, आणि कुणी विचारलंच तर प्राप्तिकरात ८०जी ची वजावट मिळणार नाही हे सरळ सांगा. ‘पैसे गुंतवा, नफ्यात वाटा देऊ’ हे तर गंमतीतही लिहू नका. परताव्याचं आमिष दाखवून लोकांकडून पैसे घेतले की सेबीचे नियम आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आडवे येऊ शकतात.

कुठे करायची

किकस्टार्टर या अमेरिकी क्राउडफंडिंग संकेतस्थळाचं नाव सगळ्यात आधी निघतं. तिथे भारतातून पैसे देता येतात, पण भारतातल्या पत्त्यावर आणि बँक खात्यावर मोहीम उघडता येत नाही. परदेशातल्या भाच्याच्या नावावर उघडायची युक्ती सोडून द्या. कर त्याला लागतो आणि जबाबदारीही त्याचीच ठरते. केटो, मिलाप ही भारतीय संकेतस्थळं मुख्यतः उपचार आणि सामाजिक कामांची आहेत. वैद्यकीय आवाहनांच्या शेजारी चित्रांची पुस्तिका केविलवाणी दिसते.

लाखाच्या आतल्या पहिल्या मोहिमेला स्वतःचा गूगल फॉर्म आणि यूपीआय पुरतं, असं आमचं मत. कमिशन वाचतं. उलट, हिशेब चोख ठेवण्याचं सगळं ओझं तुमच्यावर येतं. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, घेतलात तर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभरामागे सव्वादोन-अडीच रुपये जातात. तेवढे किमतीत आधीच धरा.

आकडा कसा काढायचा

इथेच बहुतेक मोहिमा फसतात. छापखान्याचं कोटेशन आलं की तोच आकडा उद्दिष्ट म्हणून लावला जातो, आणि पाकिटं, टपाल, खराब प्रती हे सगळं नंतर खिशातून भरावं लागतं. खालचे दर उदाहरणापुरते आहेत. तुमच्या छापखान्याचे घालून पुन्हा मांडा.

डिजिटल छपाईत पुस्तिका १४० रुपयांना एक आणि पोस्टकार्ड ६ रुपयांना एक, म्हणजे एका संचाचे १७६. नोंदणी ११० प्रतींची धरली तरी छापायच्या १२५. वरच्या १५ प्रती डागाळलेल्या, टपालात गहाळ झालेल्या आणि नमुन्याला द्यायच्या. १२५ संचांचे २२,००० झाले. स्कॅनिंग २,०००, पानांची मांडणी करणाऱ्या डीटीपीवाल्याचे ६,०००, नमुना प्रतींचे ५००. एकूण ३०,५००. त्यावर १० टक्के गंगाजळी, ३,०५०. म्हणजे हातात ३३,५५० यायला हवेत.

आता विक्री. टपालाने घरपोच ४०० रुपये, सोलापुरात हातोहात ३३०. घरपोच प्रतीमागे टपालाचे ८५ आणि पाकीट-पुठ्ठ्याचे १५ गेले की उरतात ३००. हातोहात प्रतीत कागदी पिशवीचे ५ गेले की ३२५. बाहेरगावच्या ६६ आणि गावातल्या ४४ प्रती गेल्या तर गोळा होतात ४०,९२०, आणि त्यातले ६,८२० वाटपातच संपून हातात पडतात ३४,१००. म्हणून जाहीर करायचं उद्दिष्ट ३०,५०० नव्हे, ४१,०००.

या हिशेबात तुमची मेहनत शून्य रुपये आहे. छंदाच्या पहिल्या कामाला ते चालतं, दुसऱ्याला चालवू नका.

पाचशे प्रती ऑफसेटवर, म्हणजे मोठ्या संख्येच्या प्लेट-छपाईवर, काढल्या तर प्रत स्वस्त पडते, हे खरं. पण ११० नोंदण्यांवर ५०० छापल्या तर उरलेल्या ३९० पलंगाखाली जातात आणि प्रत्येक दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांचं बोलणं खावं लागतं.

वजन आधी, भेटवस्तू नंतर

४८ पानं म्हणजे २४ कागद. १३० जीएसएमच्या (चौरस मीटरला १३० ग्रॅम) कागदावर त्यांचं वजन ९७ ग्रॅमच्या आसपास भरतं. ३०० जीएसएमचं मुखपृष्ठ १९, सहा पोस्टकार्डं २८, आतला पुठ्ठा आणि पाकीट मिळून ४५. एकूण १९० ग्रॅम. स्पीड पोस्टचा दर अंतर आणि वजनाच्या टप्प्यावर ठरतो. ५१ ते २५० ग्रॅम हा एक टप्पा. तुम्ही त्यात आरामात बसता. (रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, तेव्हा जुन्या सल्ल्यांवर जाऊ नका.)

आता कुणीतरी हमखास सुचवतं: सोलापूरचं आहे, तर सोबत सोलापुरी नॅपकिन द्या की! शंभर ग्रॅमचा नॅपकिन घातला की पाकीट २५० च्या पुढे जातं, दर वाढतो, जाडी वाढते, आणि पुस्तिकेच्या कडा दुमडतात. शेंगा चटणीचं तर नावच नको. तेल कागदाला लागलं की १२५ पैकी किती प्रती उरतील सांगता येत नाही. पुस्तकांसाठी टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा २०२५ मध्ये सुरू झाली आहे, पण ती छापील पुस्तकांपुरती. पोस्टकार्डं सोबत चालतील का, हे एक उघडं पाकीट नेऊन काउंटरवर विचारून घ्या. नुसतं फोनवर विचारू नका.

पर्याय दोनच ठेवा: पुस्तिका-संच, आणि पुस्तिकेसोबत मूळ चित्र. मूळ चित्रं जितकी विकायची तितकाच आकडा फॉर्मवर लिहा आणि ती हातोहातच द्या. नुसत्या पोस्टकार्डांचा तिसरा पर्याय मोहक वाटतो, पण त्यात कराची मेख आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पोस्टकार्डांवर आहे, आणि करपात्र वस्तू राज्याबाहेर विकायची तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. सोलापूरकरांचे निम्मे नातेवाईक हैदराबाद-बंगळुरूला. तेव्हा पोस्टकार्डं स्वतंत्र विकू नका, आणि पुस्तिकेसोबत दिली तरी कर लागतो का, हा एक मुद्दा सीएला दाखवून घ्या.

फॉर्म

नाव, मोबाइल, पूर्ण पत्ता खुणेसह, पिनकोड, प्रती किती, टपाल की हातोहात, पैसे पाठवले तो यूपीआय आयडी, आणि व्यवहाराच्या १२ अंकी यूटीआरचे, म्हणजे बँकेच्या संदर्भ क्रमांकाचे, शेवटचे ४ अंक. पिनकोडला ६ अंकांची आणि मोबाइलला १० अंकांची अट फॉर्ममध्येच घाला, नाहीतर पाकिटं भरायच्या दिवशी वीस लोकांना फोन करत बसाल. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. तो कुणालाही बनवता येतो. रोज रात्री बँकेच्या नोंदी आणि फॉर्मच्या ओळी जुळवा. नवऱ्याच्या नावाने फॉर्म आणि बायकोच्या खात्यातून पैसे, असं सर्रास होतं; यूटीआर तिथेच उपयोगी पडतो. घरखर्चाच्या खात्यात हे पैसे घेऊ नका, वेगळं खातं वापरा.

पानावर सगळ्यात वर, ठळक: ‘२८ फेब्रुवारीपर्यंत ११० प्रतींची नोंदणी झाली नाही, तर ७ दिवसांत पूर्ण रक्कम ज्या यूपीआयवरून आली तिथेच परत.’ आणि त्याखाली पुस्तिका कधी मिळेल तो महिना. मनात एप्रिल असेल तर मे लिहा. उद्दिष्ट गाठेपर्यंत त्या खात्यातला रुपयाही हलवू नका. स्कॅनिंग पदरचं करावं लागेल, मांडणी नंतर.

परदेशातून थेट पैसे पहिल्या मोहिमेत घेऊच नका. तिथल्या आप्तांनी इथल्या नातेवाइकामार्फत नोंदवावं आणि प्रत इथल्या पत्त्यावर घ्यावी.

उघडण्याआधीचे तीन आठवडे

अनोळखी माणूस रिकाम्या मोहिमेत पैसे घालत नाही. पहिल्या दोन दिवसांत तिसरा हिस्सा, म्हणजे ३५-४० प्रती, नोंदल्या गेल्या पाहिजेत. ही भवानी ओळखीच्यांकडूनच व्हायची. वहीत ८० नावं लिहा: शाळेतले, नोकरीतले, चित्रकलेच्या क्लासमधले, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले सोलापूरकर. प्रत्येकाला स्वतंत्र फोन किंवा संदेश, ‘३ तारखेला सकाळी लिंक पाठवतो, त्याच दिवशी नोंदवाल का?’ असा नेमका प्रश्न. ‘छान, शुभेच्छा’ म्हणणाऱ्याला होकारात मोजू नका. नक्की हो म्हणणारे ५० भरले नाहीत तर तारीख पुढे ढकला. उघडून बुडण्यापेक्षा ते बरं.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही. दहा ग्रुपांवर एकच मजकूर टाकण्याचा परिणाम त्याहून वाईट, लोक तो फॉरवर्ड समजून पुढे सरकतात. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या गिरण्यांची चित्रं असतील तर तेलुगूत, आणि कन्नड बोलणाऱ्या घरांसाठी कन्नडमध्ये, मिनिटभराचा आवाजी संदेश त्या भाषेतल्या मित्राकडून करून घ्या.

महिना निवडताना छापखान्याला विचारा. दिवाळीच्या आधी अंक आणि कॅलेंडरं, एप्रिल-मेमध्ये लग्नपत्रिका. तेव्हा तुमच्या १२५ प्रती ढिगाच्या तळाशी जातात. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, धामधूम. फेब्रुवारी बरा. सुरुवात पगाराच्या आठवड्यात, मुदत २५ दिवसांच्या आसपास. किकस्टार्टरवरही ३० दिवस किंवा त्याहून कमीची शिफारस असते. लांबवलं की लोक ‘नंतर बघू’ म्हणतात.

मधली मरगळ

पहिला आठवडा धावतो, शेवटचे चार दिवस धावतात, मधले दोन आठवडे फोन वाजत नाही. त्या दिवसांत नुसती आठवण करून देणारे संदेश चालत नाहीत, काहीतरी नवं दाखवावं लागतं. एका चित्राचा कच्चा आराखडा आणि शेजारी पक्कं चित्र. कागदाचे दोन नमुने आणि ‘कोणता हवा?’ असा प्रश्न. रविवारी सकाळी एखाद्या ओळखीच्या दुकानात परवानगी घेऊन टेबल, त्यावर कच्ची नमुना प्रत आणि क्यूआर कोड. प्रत हातात घेतलेला माणूस लिंक पाहिलेल्यापेक्षा लवकर पैसे देतो. आकडा आठवड्यातून दोनदा जाहीर करा, आहे तसा. उद्दिष्ट ओलांडलं की ‘आता हार्डकव्हर करू’ हा मोह टाळा. हिशेब मऊ मुखपृष्ठाचा आहे.

छापताना

चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी जास्तीची कड. मधल्या पिनेच्या बांधणीला पानं चारच्या पटीत लागतात. घडी घातल्यावर मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त जाते, म्हणून मजकूर कडेपासून १२ मिमी आत ठेवा. मराठी मजकुराची खरी भानगड फॉन्टची. श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीत टाइप केलेलं आणि युनिकोडमध्ये टाइप केलेलं एकाच फाइलमध्ये मिसळलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच सामावून द्या, आणि नमुना प्रत पडद्यावर नव्हे, त्याच कागदावर छापून घ्या. एका बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या, मग तिच्यावर तारीख-सही करून छापखान्यात ठेवा. रंग बदलला अशी तक्रार करायची वेळ आली तर हीच प्रत पुढे करता येते. पैसे निम्मे आधी, निम्मे प्रती मोजून घेतल्यावर.

वाटप

गावातल्या ४४ जणांच्या घरी जाऊ नका. दोन रविवार, सकाळी १० ते १, एक ठिकाण सात रस्त्याकडे आणि एक अशोक चौकाकडे, असं ठरवून कळवा. तरी न आलेल्यांसाठी एक कायमचं दुकान. टपालाची पाकिटं एकाच दिवशी ६६ नेण्याऐवजी तीन खेपांत, सकाळी. प्रत्येक पुस्तिका आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग पुठ्ठा, मग पाकीट. कोकणात आणि मुंबईत पावसाळा लवकर गाठतो. ट्रॅकिंग क्रमांक त्याच संध्याकाळी फॉर्मच्या ओळीत भरा आणि ज्याचा त्याला पाठवा.

दोन-तीन पाकिटं ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत येतील. फेरटपालाचा खर्च गंगाजळीतून करा, वाद घालू नका. सगळ्या प्रती पोचल्यावर एका पानाचा जमाखर्च नोंदणी केलेल्यांना पाठवा: किती आले, छपाई, टपाल, उरले किती. छापखान्याची आणि टपालाची बिलं फाइलला लावा, कारण खर्च वजा जाता जे उरेल ते तुमचं उत्पन्न आहे आणि विवरणपत्रात दाखवावं लागतं.