सोसायटीची गूगल शीट शेअर करताना या चुका टाळा

‘फाइल उघडत नाहीये, ॲक्सेस द्या’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला की सेक्रेटरी किंवा खजिनदार घाईघाईत जनरल ॲक्सेस ‘एनीवन विथ द लिंक’ करून मोकळे होतात. काम मार्गी लागतं, पण त्याच शीटमध्ये सभासदांचे मोबाइल नंबर असतात, कोणाची मेंटेनन्सची किती थकबाकी आहे ते असतं, भाडेकरूंचे आधार नंबरसुद्धा असतात. आता ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला लॉगिन न करताच हे सगळं वाचता येतं.

फाइल न उघडण्याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. फोनमध्ये जीमेलची दोन खाती असतात. ॲक्सेस एका पत्त्याला दिलेला असतो आणि माणूस फाइल दुसऱ्याच खात्यातून उघडत असतो. वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप करून खातं बदललं की फाइल उघडते. तरीही नाही उघडली, तर त्यांना ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ दाबायला सांगा. तुम्हाला मेल येईल. त्यातला पत्ता नक्की त्यांचाच आहे ना, हे फोन करून विचारा आणि मगच परवानगी द्या. जनरल ॲक्सेस ‘रिस्ट्रिक्टेड’च, म्हणजे ज्यांना परवानगी दिली आहे त्यांच्यापुरताच, राहू द्या.

लपवलेला टॅब सुरक्षित नसतो

‘भाडेकरूंचा टॅब हाइड केलाय, बाकीच्यांना फक्त व्ह्यूअर (म्हणजे नुसतं बघणारे) ठेवलंय’ असं पुष्कळजण खात्रीने सांगतात. पण व्ह्यूअरला ‘मेक अ कॉपी’ करता येतं. त्या कॉपीचा मालक तोच, त्यामुळे लपवलेला टॅब उघडायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. प्रोटेक्टेड रेंजचंही, म्हणजे बदल करता येऊ नयेत म्हणून बंद केलेल्या भागाचंही, तसंच. ती चुकून होणारी खाडाखोड थांबवते, गुपित राखत नाही. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये व्ह्यूअरसाठी डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करता येतं आणि ते करावंच, पण त्यावर विसंबून राहू नये. जे ज्याला दाखवायचं नाही ते त्याच्या फाइलमध्येच नको.

इम्पोर्टरेंजमधली पळवाट

वेगळी फाइल करायची म्हणून काहीजण इम्पोर्टरेंज हा एका शीटमधला डेटा दुसऱ्या शीटमध्ये आणणारा फॉर्म्युला वापरतात. विचार योग्य आहे, पण यातली एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. समजा, वॉचमनच्या सुपरवायझरला फक्त गाड्यांचे नंबर हवेत. तुम्ही नवी शीट केली, मुख्य फाइलमधला ‘पार्किंग’ टॅब तिथे ओढून आणला, ‘अलाऊ ॲक्सेस’ दाबलं आणि सुपरवायझरला एडिटर केलं, म्हणजे शीटमध्ये बदल करायची परवानगी दिली. आता त्याने फॉर्म्युल्यातलं ‘पार्किंग’ खोडून ‘भाडेकरू’ लिहिलं, तर तो अख्खा टॅब त्याच्यासमोर येईल. कारण तुम्ही दिलेली परवानगी एका टॅबपुरती नसते, संपूर्ण मुख्य फाइलची असते. शिवाय ज्याने ती दिली त्याचा मुख्य फाइलवरचा ॲक्सेस निघेपर्यंत ती चालू राहते.

उपाय असा: जिथे हा फॉर्म्युला आहे त्या शीटवर बाकी सगळ्यांना व्ह्यूअरच ठेवा. सुपरवायझरला स्वतः नोंदी करायच्या असतील, तर मध्ये आणखी एक फाइल घाला. तिच्यात फक्त पार्किंगचा डेटा येईल आणि ती तुमच्याच ताब्यात राहील. त्याच्यासाठी नवी शीट करून ती या मधल्या फाइलला जोडा. मग त्याने फॉर्म्युल्यात काहीही बदल केला, तरी हाती पार्किंगच लागेल.

आणखी काही जागा

आधारचा कॉलम डिलीट केला तरी तो व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्यांत, राहतो आणि कोणताही एडिटर तो तिथे पाहू शकतो. अशा वेळी फक्त लागणारे कॉलम नव्या फाइलमध्ये पेस्ट करा आणि जुनी फाइल कोणालाही देऊ नका. खरं तर पूर्ण आधार नंबर शीटमध्ये लिहायचं कारणच नाही. शेवटचे ४ अंक दाखवणारं मास्क्ड आधार मागा.

शीट वेबपेजसारखी सगळ्यांना खुली करणारं ‘पब्लिश टू वेब’ कधी वापरलं असेल तर ते वेगळं जाऊन बंद करावं लागतं. फाइल रिस्ट्रिक्टेड केली तरी प्रकाशित झालेलं पान सुरूच राहतं. एडिटर स्वतःहून दुसऱ्यांनाही ॲक्सेस देऊ शकतो, हेही शेअरिंगमधल्या गिअरच्या चिन्हावर जाऊन बंद करा.

एवढं झाल्यावर लिंक इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडून बघा. लॉगिनचं पान आलं तर ठीक. थेट शीट दिसली, तर ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं शेअरिंग तपासा, कारण फोल्डरचा ॲक्सेस आतल्या फाइलींना लागू होतो.

कमिटी बदलली की फाइलची मालकी नव्या सेक्रेटरीकडे द्या. नव्या माणसाने ती स्वीकारल्याशिवाय हस्तांतर पूर्ण होत नाही, म्हणून दोघांनी समोरासमोर बसून हे उरका. जुन्या सेक्रेटरीच्या खासगी खात्यावर फाइल तशीच पडून राहिली आणि ते खातं २ वर्षं वापरलंच गेलं नाही, तर गूगल ते खातं आतल्या डेटासकट काढून टाकू शकतं.