गणपतीपर्यंत गावची बाईक बंद ठेवताना

मे महिन्याची सुट्टी संपली की कोकणातल्या कितीतरी घरांच्या पडवीत एक बाईक उभी राहते. चाकरमानी मुंबईला परततो आणि गाडी थेट गणपतीला बाहेर निघते. मधल्या तीन महिन्यांत भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी धरते आणि गाडीला आतून-बाहेरून गंज. गाडी नीट बंद करून ठेवायला एक दिवस पुरतो. तो मृगाचा पाऊस लागायच्या आत काढा.

सुरुवात धुण्यापासून करा. मडगार्डची आतली बाजू आणि इंजिनच्या खाचांमधली लाल माती खरवडून काढा. ती पाणी धरून ठेवते आणि पत्रा तिच्याखालीच सडतो. समुद्राकाठच्या गावात तर गाडीवर खारं बसलेलंच असतं, तिथे दोनदा धुवा. चेन रॉकेल किंवा डिझेलने ब्रशने घासा, पुसा, कोरडी झाली की चेन लुब मारा. चाक हाताने फिरवत मारा, म्हणजे प्रत्येक कडीत पोचेल.

मग गाडी पंपावर न्या, आणि जवळच्या नको, पंधरा-वीस किलोमीटरची फेरी होईल अशा. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले की आतली ओल वाफ होऊन निघून जाते. टाकी भरून घ्या. टाकी अर्धी राहिली तर वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा खेळते आणि पत्रा आतून गंजतो. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाशी बसतं. फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं औषध, मिळालं तर बाटलीवरच्या मापाने पंपावरच घाला, परतीच्या वाटेवर ते नीट मिसळतं.

घरी आल्या आल्या, इंजिन गरम असतानाच ऑइल बदला. पुष्कळ जण म्हणतात, आल्यावर बदलू. पण वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, पाणी आणि आम्ल असतं. ते तीन महिने आतल्या बेअरिंगवर बसू देण्यात काहीच फायदा नाही.

गाडी कार्बोरेटरची (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत बाहेर अंगणात चालू ठेवा. उरलेलं पेट्रोल खालचा ड्रेन स्क्रू सैल करून काढा. नाहीतर ते आटून चिकट होतं आणि जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, तुंबतो. 2020 नंतरच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या आहेत, त्यांना हे करावं लागत नाही.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट. हा क्रम पाळला तर पाना चुकून चॅसीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. ती कोरड्या फळीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा बाजारातल्या बॅटरीवाल्याकडून चार्ज करून घ्यायला कुणाला तरी सांगा.

आता जागा. शेणाने सारवलेल्या जमिनीतून ओल वर येते, म्हणून चाकांखाली फळ्या टाका आणि गाडी मेन स्टँडवर घ्या. टायरमध्ये हवा पुरेपूर भरा. खताची किंवा मिठाची पोती शेजारी नकोत, त्यांच्याने धातू झपाट्याने गंजतो. भाताची पोती असतील तर उंदीर आलेच, आणि ते एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात, वायरी कुरतडतात. सीटखाली डांबरगोळ्या ठेवा. पाणी तापवायची चूल पडवीत पेटत असेल तर गाडी तिथे ठेवूच नका. पेट्रोलची वाफ आणि जाळ एका छपराखाली नको.

सायलेन्सर थंड झाला की त्याच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा बसवा. नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. बोळ्याची लाल चिंधी बाहेर लोंबती ठेवा, काढायचा राहणार नाही. क्लच दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधा, म्हणजे प्लेटी एकमेकींना चिकटत नाहीत. वरून सुती चादर किंवा हवा खेळणारं कव्हर घाला. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत ओल कोंडते.

आणि घरी राहणाऱ्यांना बजावून सांगा: मध्ये मध्ये गाडी चालू करू नका. “आठवड्याला एक किक मारून ठेवतो” हे प्रेमाने होतं, पण त्यातून नुकसानच होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. दोन मिनिटांत इंजिन तापत नाही, म्हणून ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. कुणी गाडी काढणारच असेल तर बॅटरी जोडून, बोळा काढून पंधरा किलोमीटर तरी फिरवावी. ते जमत नसेल तर तिला हातही लावू नये.

गणपतीला आलात की घाई करू नका. आधी बोळा आणि क्लचची पट्टी काढा, फिल्टरचा डबा उघडून बघा, ऑइलची पातळी आणि हवा तपासा, बॅटरी जोडा. कॉक उघडून मिनिटभर थांबा, मगच किक मारा. ब्रेक आधी अंगणात हळू चालवून दाबून बघा. तीन महिन्यांत डिस्कवर हलका गंज येतो, ड्रमच्या गाडीत शू चिकटतात. चाक सहज सुटलं आणि ब्रेक नीट लागला, की मगच मूर्ती आणायला बाजारात निघा.