‘व्हिस्की’ शब्दाचं मूळ कसं शोधायचं

आजच्या रूपापासून सुरुवात करू नका, तिथेच बहुतेक जण फसतात. आधी जुनं, लांब रूप गाठा. इथे ते आहे ‘अस्क्विबॉ’, इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात सापडतं.

आता ते आयरिशशेजारी ठेवून मोठ्यानं म्हणा: ‘इश्के बाहा’. इश्के म्हणजे पाणी, बाहा म्हणजे जीवनाचं. आपण ‘जीवनाचं पाणी’ म्हणतो. आयरिशमध्ये षष्ठीचा शब्द मागे येतो. म्हणून इंग्रजांनी शेपूट छाटली तेव्हा जीवन गेलं आणि नुसतं पाणी उरलं!

अर्थाचा धागा वेगळा तपासा. मध्ययुगात ऊर्ध्वपातन केलेल्या (वाफ करून पुन्हा थंड केलेल्या) मद्याला लॅटिनमध्ये ‘अक्वा विटे’, म्हणजे जीवनजल, म्हणत. आयरिश नाव हे त्याचंच शब्दशः भाषांतर. म्हणजे शब्द आयरिश, कल्पना लॅटिन. या दोहोंची गल्लत झाली की व्युत्पत्ती बिघडते.

सगळ्यात मोठा खड्डा नात्याचा. ‘इश्के’, आपलं ‘उदक’ आणि इंग्रजी ‘वॉटर’ एकाच इंडो-युरोपीय (भारत ते युरोप पसरलेल्या भाषाकुळातल्या) मूळ धातूची लेकरं. ‘बाहा’ आणि ‘जीव’ही तसेच. पण भावंडं असणं वेगळं, उसनवारी वेगळी. एवढ्यावरून व्हिस्की संस्कृतातून गेली असं लिहू नका.

स्कॉटिश गेलिकमध्येही, म्हणजे आयरिशच्या स्कॉटलंडमधल्या बहीणभाषेतही, हाच शब्दप्रयोग आहे. नुसत्या उच्चारावरून आयर्लंड की स्कॉटलंड हे ठरत नाही, नोंदीचं गाव आणि साल पाहावंच लागतं. स्पेलिंगमधला जादा ‘ई’ (आयर्लंडमध्ये असतो, whiskey; स्कॉटलंडमध्ये नसतो, whisky) हा पुरावा धरू नका. तो फरक फार नंतर रुळला.