गृहपाठाचा साचा: मराठी असाइनमेंटसाठी वर्डमध्ये टेम्प्लेट कसे बसवायचे

पदवीच्या पहिल्या वर्षाला एका सत्रात पाच-सहा विषय धरले आणि प्रत्येकाचे दोन-तीन गृहपाठ, तर तेच मुखपृष्ठ, तेच समास आणि तेच हेडर दहा ते अठरा वेळा करावे लागते. बहुतेक जण मागच्या गृहपाठाची फाइल उघडतात, मजकूर पुसतात आणि तिच्यातच नवा लिहितात. मग अर्थशास्त्राच्या गृहपाठात तिसऱ्या पानाच्या माथ्यावर ‘इतिहास’ तसेच राहते, तारीख मागच्या महिन्याची असते, आणि घाईत ‘सेव्ह’ दाबले की जुना गृहपाठच नाहीसा होतो. सत्राच्या सुरुवातीला दोन तास देऊन एक रिकामा साचा बसवला तर हे तिन्ही टळते. मराठीतून लिहिणाऱ्यांना त्याची गरज अधिक, कारण वर्ड देवनागरी मजकूर वेगळ्या खात्यात धरतो आणि ते खाते कुठे आहे हे कोणी दाखवत नाही.

पहिले काम कागदाचे. लेआउटमध्ये साइज ‘ए-फोर’ आहे का ते बघा. कितीतरी संगणकांवर वर्ड अमेरिकन ‘लेटर’ आकारात उघडते. तो ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि जवळपास दोन सेंमी आखूड असतो. घरी नीट दिसणारी फाइल झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर कागदावर छापली की एकतर लहान होऊन येते किंवा पाने सरकतात. समास डावीकडे ३.५ सेंमी, बाकी तिन्ही बाजूंना २.५ सेंमी ठेवा. डावीकडचा जास्तीचा एक सेंमी पंचिंग आणि फाइलच्या पट्टीसाठी आहे. तो नसला तर ओळीचे पहिले अक्षर पट्टीखाली जाते. ए-फोरची रुंदी २१ सेंमी, म्हणजे मजकुराला बरोबर १५ सेंमी उरतात. हा १५ चा आकडा पुढे लागणार आहे.

आता फॉन्ट. इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज या वाटेने जाऊन मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. त्यानंतर होम टॅबवरच्या ‘नॉर्मल’ स्टाइलवर (स्टाइल म्हणजे फॉन्ट, साइज, अंतर यांचा एका नावाखाली साठवलेला संच) राइट क्लिक, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, त्यात फॉन्ट. या खिडकीत दोन भाग दिसतील: वर लॅटिन मजकुराचा फॉन्ट आणि खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा. देवनागरी खालच्या भागात मोडते. वरच्या भागात साइज १४ करून मराठी अक्षरे ११ ची ११ राहतात, ती याच कारणाने. मग वैतागून प्रत्येक परिच्छेद निवडून हाताने साइज बदलली जाते, आणि तिथून साचा बिघडायला सुरुवात होते. फॉन्ट आणि साइज दोन्ही भागांत भरा.

कोणता फॉन्ट घ्यावा? मंगल किंवा निर्मला यूआय विंडोजवर सापडतोच. कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट त्याच साइजला बरेच बारीक दिसतात. मंगलच्या १२ च्या जागी कोकिळा १६ च्या आसपास घ्यावा लागतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर गूगल फॉन्ट्सवरचा ‘तिरो देवनागरी मराठी’ फुकट मिळतो. देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ बघत ज्यांनी वाचायला शिकले त्यांना या पानावर लगेच घरच्यासारखे वाटते. मात्र बाहेरून आणलेला फॉन्ट वापरलात तर ऑप्शन्सच्या ‘सेव्ह’ विभागात फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत करण्याच्या चौकटीत खूण करा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर वर्ड त्याच्या जागी मनाला येईल तो फॉन्ट लावेल. काहीही निवडा, पण युनिकोडच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीचा. डीटीपीच्या दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर तुमच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो, आणि तो साच्यात चिकटवता येत नाही.

मंगलची एक खोड आहे. त्याला वर-खाली बरीच मोकळी जागा लागते, त्यामुळे ‘सिंगल’ अंतर ठेवूनही ओळी दीडपट अंतरावर दिसतात. एखाद्या ओळीत इंग्रजी शब्द आणि पुढच्या ओळीत निव्वळ मराठी असेल तर अंतर कमी-जास्त होते. यावर उपाय असा: नॉर्मल स्टाइलच्या पॅराग्राफ खिडकीत ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ २० ते २२ पॉइंट ठेवा. १२ च्या अक्षराला १६ पर्यंत खाली आणलेत तर वेलांट्या आणि उकार कापले जातात. ‘एक्झॅक्टली’ केल्यावर दुसरी अडचण उभी राहते: त्या परिच्छेदात चित्र टाकले की चित्राची खालची एक पट्टीच दिसते. चित्र बिघडलेले नसते, ओळीची उंची २२ पॉइंटवर बांधलेली असते. म्हणून ‘आकृती’ नावाची वेगळी स्टाइल करा: अंतर सिंगल, मजकूर मध्यभागी, आणि ‘कीप विथ नेक्स्ट’ला खूण, म्हणजे आकृती एका पानावर आणि तिची ओळख दुसऱ्या पानावर असे होणार नाही. चित्र नेहमी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. तरंगते चित्र वरच्या उत्तरात दोन ओळी वाढवल्या की भलतीकडे जाऊन बसते.

परिच्छेद डावीकडून सरळ ठेवा. दोन्ही कडा जुळवण्याचा मोह होतो, पण वर्ड मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडत नाही. ‘विकेंद्रीकरणाच्या’ असा लांब शब्द खाली गेला की वरच्या ओळीत शब्दांमध्ये खड्डे पडतात.

स्टाइल फार लागत नाहीत. उत्तरासाठी नॉर्मल, प्रश्नासाठी हेडिंग १, उपप्रश्नासाठी हेडिंग २, आकृती, आणि तक्त्यातल्या मजकुरासाठी एक. पाचात भागते. हेडिंग १ ला मल्टिलेव्हल लिस्ट जोडून क्रमांकाच्या आधी ‘प्रश्न’ हा शब्द घातला की ‘प्रश्न १’, ‘प्रश्न २’ आपोआप पडतात आणि मधला एक प्रश्न काढला तर पुढचे क्रमांक स्वतःच सुधारतात. हेडिंगच्या मूळ स्टाइलमध्ये निळा रंग असतो, तो काळा करून घ्या. इथेही फॉन्ट दोन्ही भागांत भरायचा आहे. उपप्रश्नांना मात्र स्वयंचलित क्रमांक देऊ नका. वर्डच्या यादीत हिंदी पद्धतीचे क, ख, ग मिळतात. आपल्या प्रश्नपत्रिकांतला अ, ब, क, ड हा क्रम तिथे नाही. क, ख, ग लावून दिले तर तपासणाऱ्याला तुमचा ‘क’ हा पहिला उपप्रश्न की तिसरा हे कळत नाही. त्यामुळे हेडिंग २ ला १ सेंमीचा ‘हँगिंग’ इंडेंट (पहिली ओळ कडेला, पुढच्या ओळी आत) द्या आणि (अ) टाइप करून टॅब दाबा.

गुण उजव्या कडेला हवेत तर स्पेसबार दाबत जाऊ नका. हेडिंगच्या पॅराग्राफ खिडकीत ‘टॅब्स’मध्ये १५ सेंमीवर उजवा टॅब ठेवा. प्रश्नानंतर एकदा टॅब दाबून ‘[५]’ लिहिले की सगळे गुण एका उभ्या रेषेत येतात. प्रत्येक प्रश्न नव्या पानावर सुरू करायचा नियम असेल तर हेडिंग १ मध्येच ‘पेज ब्रेक बिफोर’ लावा. एंटर दाबत पुढच्या पानावर जाणे सगळ्यात महागात पडते. वर एक ओळ वाढली की खालची सगळी पाने एकेक ओळ घसरतात.

मुखपृष्ठासाठी दोन रकान्यांचा, रेषा लपवलेला तक्ता सोयीचा. डावीकडे महाविद्यालय, अभ्यासक्रम आणि सत्र, विषय आणि त्याचा संकेतांक, गृहपाठाचा क्रमांक, नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक), शिक्षकांचे नाव, सादर करण्याची तारीख. जे वर्षभर बदलत नाही, म्हणजे नाव, तुकडी, क्रमांक, ते साच्यातच भरून ठेवा. विषयाच्या जागी इन्सर्ट, क्विक पार्ट्स, डॉक्युमेंट प्रॉपर्टी यातून ‘सब्जेक्ट’ची चौकट घाला, आणि तीच चौकट हेडरमध्येही घाला. मुखपृष्ठावर विषय लिहिला की प्रत्येक पानाच्या माथ्यावर तोच उमटतो. गृहपाठाच्या नावासाठी ‘टायटल’ अशीच वापरा. सुरुवातीला सांगितलेली ‘इतिहास’ राहून जाण्याची चूक या दोन चौकटींनी कायमची बंद होते, म्हणून साच्यातले हे काम टाळू नका. तारखेसाठी मात्र आपोआप बदलणारी तारीख नको. महिन्याभराने फाइल उघडली तर ती त्या दिवशीची तारीख दाखवेल आणि गृहपाठ उशिरा दिल्यासारखा दिसेल. तारीख हाताने टाइप करा.

हेडरमध्ये विषय आणि हजेरी क्रमांक, फूटरमध्ये ‘पान २ / ६’ असा क्रमांक. एकूण पानांचा आकडा असला की स्टेपल सुटून एखादे पान गहाळ झाले तरी तपासणाऱ्याच्या लक्षात येते.

विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकांसाठी याच साच्याची दुसरी आवृत्ती करा. हेडिंग १ च्या जागी उद्देश, साहित्य, तत्त्व, कृती, निरीक्षण तक्ता, गणना, निष्कर्ष ही शीर्षके आधीच टाकून ठेवा. निरीक्षण तक्त्याच्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहायला कंस रिकामा सोडा. रिकामा कंस डोळ्यांना खुपतो आणि एकक लिहायचे राहत नाही. समीकरणासाठी आल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की समीकरणाची चौकट उघडते.

साचा झाला की ‘सेव्ह अॅज’मध्ये प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडा. तो डॉक्युमेंट्समधल्या ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये जातो आणि फाइल, न्यू, पर्सनल इथे दिसतो. तिथून उघडला की दरवेळी नवी कोरी फाइल मिळते, मूळ साचा सुरक्षित राहतो. वर्डच्या आतून ‘ओपन’ करून उघडलात तर मात्र साचाच उघडतो, आणि त्यात लिहिलेले उत्तर साच्यात जाऊन बसते. लिब्रेऑफिस रायटरमध्ये फाइल, टेम्प्लेट्स, सेव्ह अॅज टेम्प्लेट असा मार्ग आहे. देवनागरीसाठी टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची भाषा मराठी करा. गूगल डॉक्सच्या वैयक्तिक खात्यात स्वतःचा साचा गॅलरीत ठेवता येत नाही, म्हणून एक मूळ फाइल ठेवून ‘मेक अ कॉपी’ करायचे. त्या फाइलचे नाव ‘०० साचा – यात लिहू नये’ ठेवलेत तर ती यादीत वरच्या बाजूला राहते आणि चुकून भरली जात नाही.

फोल्डर सत्रानुसार, त्यात विषयानुसार, आणि प्रत्येक विषयात तीनच: दिलेले, चालू, जमा केलेले. फाइलचे नाव रोमन अक्षरांत आणि स्पेसशिवाय ठेवलेले बरे, कारण काही पोर्टल देवनागरी नावांची मोडतोड करतात. क्रम असा: विषयाचा संकेतांक, गृहपाठाचा क्रमांक दोन अंकी, हजेरी क्रमांक. दोन अंकी म्हणजे ‘२’ ऐवजी ‘०२’. नाहीतर अनेक ठिकाणी यादीत १ नंतर १० लागतो आणि २ त्याच्या खाली जातो.

जमा करताना पीडीएफ ‘सेव्ह अॅज’मधूनच काढा. ऑप्शन्समध्ये शीर्षकांवरून बुकमार्क बनवण्याची खूण आहे; ती केली की शिक्षकांना बाजूच्या यादीतून थेट ‘प्रश्न ४’वर जाता येते. हाताने काढलेल्या आकृत्यांचे मोबाइलचे फोटो तीन-चार एमबीचे असतात, दहा फोटोंत फाइल चाळीसच्या घरात जाते आणि पोर्टल नाकारते. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये १५० पीपीआय (दर इंचाला १५० पिक्सेल) पुरे. पीडीएफ काढण्याआधी कंट्रोल-ए, मग एफ-९ दाबा, म्हणजे आकृत्यांचे क्रमांक आणि अनुक्रमणिका ताज्या होतात. मग ती पीडीएफ एकदा मोबाइलवर उघडून पाहा. तिथे जोडाक्षरे फुटलेली दिसली तर दोष फॉन्टमध्ये आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांत अर्धा र नीट आला आहे ना तेही बघा. रफार येऊन ‘दुसर्या’ झाले असेल तर नेहमीच्या ‘र’ऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असे टाइप करायला हवे.

तपासून आलेल्या पहिल्या गृहपाठावर मांडणीबद्दल शेरा असेल, उदाहरणार्थ ‘समास वाढवा’ किंवा ‘संकेतांक लिहा’, तर दुरुस्ती त्या फाइलमध्ये न करता साच्यात करा. यासाठीच साचा वर्डच्या आतून ‘ओपन’ने उघडायचा, बदल करायचा आणि सेव्ह करून बंद करायचा. आधी बनवलेल्या फाइलींवर त्याचा परिणाम होत नाही; पुढच्या प्रत्येक गृहपाठात तो आपोआप येतो.