पोटफुगीवर मू श्यांग: कोष्ठाचा काढा कसा करावा

जेवणानंतर पोट फुगणे, जडपणा येणे, मुरडा होणे या तक्रारींवर चिनी वनौषधी परंपरेत ‘मू श्यांग’ हे सुगंधी मूळ दिले जाते. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात तेच कोष्ठ किंवा उपलेट या नावाने विकतात. तुंबलेली ‘छी’ म्हणजे प्राणशक्ती मोकळी करणारे, तिखट-कडू आणि उष्ण मूळ असे चिनी वैद्य त्याचे वर्णन करतात. त्यांच्या हिशेबाने, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारल्यानंतर पोट डब्ब झाले असेल तर ते योग्य. पण छातीत जळजळ होत असेल किंवा तोंड कोरडे पडत असेल, तर ते घेऊ नये.

खरेदी करताना पूड घेऊ नये, मुळाचे तुकडेच मागावेत, कारण कोष्ठात पुष्करमुळाची भेसळ होते आणि पुडीत ती ओळखता येत नाही. तुकडा टणक, बाहेरून करडा-तपकिरी असतो, आणि ताजा मोडला की उग्र, किंचित तेलकट वास येतो, जो मला तरी न धुतलेल्या केसांसारखा वाटतो. रानटी कोष्ठ 1985 पासून सायटिस या, धोक्यातील वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. म्हणून हिमाचलमधील लाहौलसारख्या भागातील लागवडीचा माल आणि त्याची पावती मागावी. ‘छिंग मू श्यांग’ हे नावाने जवळचे, पण वेगळ्याच वनस्पतीचे मूळ आहे. त्यातील अॅरिस्टोलोकिक आम्लामुळे मूत्रपिंडे निकामी होतात आणि कर्करोगही होतो. परदेशी पाकिटावर हे नाव दिसल्यास ते पाकीट घेऊ नये.

चिनी पद्धतीत प्रौढासाठी दिवसाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम असते. पहिल्यांदा घेणाऱ्याने 3 ग्रॅमच घ्यावे. वाळवलेली संत्र्याची साल आणि आल्याच्या दोन-तीन चकत्या दोन कप पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटे उकळाव्यात. कोष्ठ मात्र अगदी शेवटी, आच बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे टाकून झाकण ठेवावे, कारण त्याचे औषधी तेल उडून जाणारे असते आणि सुरुवातीपासून उकळल्यास घरभर सुगंध पसरतो, काढ्यात फारसे काही उरत नाही. गाळून जेवणानंतर कोमट प्यावा. पातळ जुलाब होत असतील तर चिनी वैद्य कच्चे मूळ न देता गव्हाच्या कोंड्यात मंद आचेवर गडद होईपर्यंत परतलेल्या चकत्या देतात. रक्ती आवेवर ते कॉप्टिसच्या कडू मुळासोबत देतात, पण शौचातून रक्त पडत असताना घरी काढे करत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

गरोदर स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि नियमित औषधे चालू असलेल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय हे मूळ घेऊ नये. ज्यांना बांधावरच्या गाजरगवताने अंगाला खाज सुटते, त्यांनी तर कोष्ठ हातातही धरू नये. दोन्ही एकाच कुळातील आहेत आणि त्यांतील त्वचेला बाधणारी द्रव्येही एकाच जातीची असतात.