माजी राष्ट्राध्यक्षानं लोकशाही मजबूत केली की पोखरली, हे कसं तपासायचं

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेतनं चहाला खाली उतरलं की हा वाद ठरलेलाच, अमका हुकूमशहा होता की देश वाचवणारा, आणि चहा संपला तरी दोघंही जिथल्या तिथं. कारण एक जण कामं मोजतोय आणि दुसरा पद्धत. मी पेरूचे माजी राष्ट्राध्यक्ष अल्बर्टो फुजिमोरी यांचं उदाहरण घेऊन सांगते, त्यांच्यावर अजूनही तिकडं घराघरात भांडणं होतात.

आधी एका कागदावर त्यांची कामं प्रामाणिकपणे लिहा, हात आखडता घेऊ नका. 1990 ला ते निवडून आले त्या वर्षी महागाई 7000 टक्क्यांच्या वर होती, ती आटोक्यात आली. शायनिंग पाथ या तिथल्या माओवादी दहशतवादी संघटनेचा म्होरक्या गुझमान सप्टेंबर 1992 मध्ये पकडला गेला.

आता प्रत्येक कामापुढं विचारा, यासाठी नियम मोडायची गरज होती का? इथंच खरी मेहनत आहे, घाई करू नका. एप्रिल 1992 ला त्यांनी रणगाडे आणून संसद बंद केली, दहशतवाद संपवायचाय म्हणून. पण गुझमानला पकडणारं पोलिसांचं छोटं पथक फुजिमोरी सत्तेवर यायच्या आधीच बनलं होतं आणि त्यांनी काय केलं तर राजधानी लिमातल्या एका डान्स क्लासच्या घरातला कचरा रोज तपासला, त्यात सिगारेटची थोटकं आणि सोरायसिसच्या मलमाच्या ट्यूबा सापडल्या आणि तो आजार गुझमानला होता! यात संसद कुठं आडवी आली सांगा.

मग त्यांना ‘नाही’ म्हणणारे शोधा आणि त्यांचं पुढं काय झालं ते तारखेसकट लिहा. मला विचाराल तर अर्धा निकाल इथंच लागतो. तिसऱ्या टर्मच्या विरोधात गेलेल्या घटना न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना 1997 मध्ये काढलं. सरकारची प्रकरणं दाखवणाऱ्या टीव्ही चॅनेलच्या मालकाचं नागरिकत्वच काढून घेतलं, त्याच वर्षी.

लोकांना आवडायचे हो, 1995 ला दणक्यात निवडून आले. ते वेगळं लिहा, कारण आवडता नेतासुद्धा पुढच्यांसाठी दार बंद करून जाऊ शकतो.

शेवटी, गेले कसे ते बघा. 2000 मध्ये लाचेचा व्हिडिओ बाहेर आला आणि जपानमधून फॅक्सनं राजीनामा. 2009 ला पेरूच्याच कोर्टानं 25 वर्षांची शिक्षा दिली, पण त्याचं श्रेय कोर्टाला, त्यांना नाही. माझं मत स्पष्ट आहे, महागाईचे मार्क द्या, लोकशाहीचे देऊ नका.

आणि हाच कागद आपल्याकडच्यांनाही लावा, नाहीतर उपयोग नाही. 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झाली नव्हती, म्हणून तर 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीत मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा असं आलं. आमचे काका नेहमी म्हणायचे, तेव्हा गाड्या वेळेवर होत्या गं. मी वाद नाही घातला, फक्त विचारलं, काका, तेव्हा नाही म्हणणारे कुठं होते? बराच वेळ गप्प बसले, मग वाड्यातल्या मास्तरांना येरवड्याला नेलं त्या रात्रीचं सांगायला लागले, काकूनं त्यांच्याबरोबर स्वेटर दिला होता म्हणे.